खाडीचा दगड होताना

ताटातल्या तिसऱ्या खवड्याच्या खाडीतल्या नव्हत्या. हेमांगी तारीला हे पहिल्याच घासाला कळलं.

रविवारची दुपार होती. आईने तिसऱ्यांचं, चिखलातल्या त्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, खोबरं सढळ हाताने घातलेलं. चवीत काही कमी नव्हतं. पण शिंपले पिवळट होते आणि त्यांच्यावर रुंद पट्टे होते. खवड्याची तिसरी काळपट निळी असते. शिवाय ती कितीही वेळ पाण्यात ठेवा, एखादा वाळूचा कण दाताखाली येतोच.

“आये, हे खंयचे तिसरे?”

“खंयचे म्हणजे? खाडीतले.” अनसूयाने मान वर केली नाही. “गप जेव.”

हेमांगीचा नवरा दिगंबर याने तिच्याकडे पाहिलं आणि आणखी एक डाव वाढून घेतला. हेमांगीने पुढचा घास घेतला. आई सदुसष्ट वर्षांची होती, तरी ओहोटीच्या वेळा बघून आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन बाहेर पडायची. या वयात चिखलात उतरू नकोस, असं सांगून हेमांगी थकली होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, आई खाडीवर जातच नसावी.

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे, खवडे गावाला लागून ‘नीलतट’ ही वसाहत उभी राहून सहा वर्षं झाली होती. आधी तिथे नुसती वाळूची पुळण आणि खारवट पडीक जमीन होती. तोपर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांचं काही खरं राहिलं नव्हतं. दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी घरात शिरायचं. बँका किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या आत घराला कर्ज देत नव्हत्या. अशा वेळी ऐन समुद्राकाठी चार हजार घरं, शाळा, दवाखाना, बाजार आणि तळी असलेलं आखीव गाव उभं राहिलं, ते एका जिवाणूच्या जोरावर.

हे शास्त्र हेमांगीने इतक्या लोकांना समजावलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. वाळूचे कण एकमेकांना चिकटवायला सिमेंट लागतं आणि सिमेंटला भट्टी लागते. पण मातीत राहणारे काही जिवाणू हेच काम भट्टीशिवाय करतात. त्यांना युरिया दिला की ते तो फोडतात आणि त्यातून कार्बोनेट सुटतं. भोवतालच्या पाण्यात कॅल्शियम असलं की दोघांच्या संयोगातून कणाकणांच्या मधे चुनखडीचे बारीक स्फटिक धरतात. ज्या पदार्थाचा शिंपला होतो, तोच हा पदार्थ. काही महिन्यांत भुसभुशीत पुळणीचा खडक होतो. नीलतटच्या प्रत्येक घराखाली असा पंधरा मीटर जाडीचा खडक तयार केलेला होता. त्यासाठी युरिया विकत आणावा लागत नव्हता, कारण रहिवाशांचं मूत्र संडासातूनच वेगळ्या नळीने गोळा व्हायचं. कॅल्शियम मिळायचं समुद्राचं पाणी गोडं करताना उरणाऱ्या दाट खाऱ्या पाण्यातून.

फक्त एक अट होती. पावसाचं पाणी थोडं आंबट असतं, ते चुनखडी हळूहळू विरघळवतं. म्हणून जिवाणूंना खाऊ घालणं कधीच थांबवता येत नव्हतं. वसाहतीच्या पोषण केंद्रात बसून कुठल्या नळीत किती खाद्य सोडायचं हे ठरवणाऱ्या तिघांपैकी हेमांगी एक होती.

घर मिळालं ते आईच्या जमिनीच्या बदल्यात. ज्यांच्या जमिनी समुद्राने घेतल्या, त्यांना त्या सातबाऱ्यावर नीलतटमध्ये घर, अशी योजना होती. खवड्यातले लोक बिचकत होते. हेमांगीने देवळाच्या सभामंडपात अकरा बायकांसमोर घट्ट केलेल्या वाळूचा ठोकळा ठेवला आणि त्यावर हातोडी मारून दाखवली. हातोडी टण्णकन उडाली. सात कुटुंबं तिच्या शब्दावर आली. आईची लहानपणापासूनची जोडीदारीण यशोदा मात्र गावातच राहिली. तिच्या नावावर जमिनीचा तुकडाच नव्हता.

सोमवारी हेमांगीने अर्धा दिवस रजा टाकली आणि ओहोटीच्या वेळेला खवड्याच्या धक्क्यावर गेली. यशोदा पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर कोयती होती, पातं मधोमध तुटलेलं.

“यशोदामावशी, आये इली नाय?”

यशोदाने तिच्याकडे नवलाने पाहिलं. “तुझी आवस? ती गेल्या वर्साच्या गणपतीपासून हय पाय ठेवूक नाय. हायवेच्या बाजारात बसलेली दिसता ती. भायरच्या गाडयेतले तिसरे घेता नि टोपलेत भरता.”

“आणि तुम्ही?”

“मी खंय जाव?” यशोदा उठली. “चल, तुका दाखवतंय.”

दोघी पायऱ्या उतरल्या. हेमांगीने सवयीने साडी वर खोचली, कारण इथे पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतायचंच. तिचं पाऊल रुतलं नाही. चिखलाचा रंग तोच होता, वरून पाण्याचा पापुद्राही तसाच होता, पण खाली फरशी होती. यशोदाने तुटक्या कोयतीने ठोकून दाखवलं. टक् टक् असा कोरडा आवाज आला.

“पयलां थंय, तुमच्या घरांच्या अंगाक घट झालां. माका वाटलां, वाळू इली असतली. मग दर म्हयन्याक फुडे सरकत इलां. आता त्या खुंटापर्यंत दगड हा.” यशोदाने दूरचा एक खुंट दाखवला. “बारा घरां ह्या चिखलार जगत होती, गो. आमी समजलो, देवाचो काय कोप झालो.”

हेमांगी खाली बसली. फटीत बोटं घालून तिने एक ढेकूळ ओढून काढलं. ते फोडल्यावर आत पाच तिसऱ्या होत्या, जशा चिखलात उभ्या राहतात तशाच उभ्या. शिंपले मिटलेले होते आणि भोवताली पांढरट दगड धरला होता.  हा कोप कुणाचा आहे आणि तो कुठल्या नळीतून किती लिटरने सुटतो, हे तिला नेमकं माहीत होतं.

घरी आल्यावर तिने ते ढेकूळ आईसमोर ओट्यावर ठेवलं. अनसूया भाजी चिरत होती. तिने ढेकळाकडे पाहिलं आणि विळी आडवी केली.

“किती दिवस तुला माहीत आहे?” हेमांगीने विचारलं. रागावली की तिच्या तोंडून पुण्याच्या कॉलेजातलं मराठी यायचं.

“गेल्या वर्साच्या गणपतीपासून.”

“चौदा महिने! आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी रोज त्या केंद्रात बसते, आये. मीच सोडते ते.”

“म्हणानच सांगूक नाय.” अनसूयाचा आवाज शांत होता. “सांगलां असतां तर तू बंद केलं असतंस. मी तुका वळखतंय. सगळां आयुष्य मी वल्या जमनीर निजलंय, हेमा. उधाण इला की भांडी माळ्यार, अंथरूण माळ्यार, नि तुका काखेत घेवन रातभर उभी. हय इल्यार पयल्यांदा आषाढात माझां अंथरूण सुकां होतां. तां माका सोडूक नको होतां.”

“आणि यशोदामावशीचं काय?”

अनसूयाने ढेकूळ ओट्यावर बाजूला सारलं. मग म्हणाली, “तिच्या तोंडाकडे बघूचो धीर नाय होणा. म्हणान तर बाजारात जातंय.”

हेमांगीने दोन दिवस प्रयोगशाळेत घालवले. शंका उरली नाही. खाडीकडच्या शेवटच्या ओळीत दहा घरं होती. त्यांच्याखालून पूर्वी एक व्हाळ, छोटा ओढा, वाहायचा. वसाहत बांधताना तो गोटे-खडी टाकून बुजवला होता. जिवाणू आणि खाद्य त्या खडीतून वाट काढत खाडीत उतरत होतं. तिथे शिंपल्यांमुळे कॅल्शियम आयतंच होतं. वसाहतीत घरं वाढली, माणसं वाढली, खाद्य वाढलं आणि गळतीही वाढली. शेवटच्या ओळीतलं सगळ्यात शेवटचं घर बरोबर व्हाळाच्या तोंडावर होतं. ते हेमांगीचंच होतं.

मुख्य अभियंता सौमित्र कारखानीस यांनी तिचा अहवाल उभ्या उभ्या वाचला आणि दार लावून घेतलं.

“मला अंदाज होता,” ते म्हणाले.

“सर?”

“मार्चमध्ये खाडीचे नमुने मी स्वतः घेतले होते. बस, हेमांगी.” त्यांनी पडद्यावर एक आलेख उघडला. “गेल्या वर्षी पंप दुरुस्तीला तीन आठवडे खाद्य बंद होतं, आठवतं? त्या तीन आठवड्यांत तिसऱ्या विभागातल्या इमारती दोन मिलिमीटर खचल्या. तीन आठवड्यांत! आम्ही धरलं होतं वर्षाला एक. खडक आपल्या हिशोबापेक्षा फार भरभर विरघळतोय. म्हणून मी मात्रा वाढवली. कमी केली तर काय होईल, तुला सांगायला नको.”

“पण लोकांना सांगायला तर हवं.”

“काय सांगू? तुमचं घर उभं राहायचं असेल तर शेजारची खाडी मरेल, असं?” कारखानीस खुर्चीत बसले. ते एकदम म्हातारे दिसू लागले. “माझी आई पण इथेच राहते, दुसऱ्या विभागात. व्हाळ अडवायची काही युक्ती सापडते का, ते मी शोधतोय. मला वर्षभर दे.”

“वर्षभरात खुंटाच्या पलीकडे काही उरणार नाही, सर.”

त्यांनी आलेख बंद केला. हेमांगीने अहवालाची प्रत उचलली आणि बाहेर आली.

पुढच्या रविवारी सकाळी रहिवाशांची सभा होती. विषयपत्रिकेवर दुसऱ्या टप्प्यातल्या नव्या घरांचं वाटप होतं. हेमांगीने बोलायची परवानगी मागितली. ती मंचावर गेली, खाडीतलं ढेकूळ टेबलावर ठेवलं आणि जे होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. खाद्य बंद करा, असं ती म्हणाली नाही. शेवटच्या ओळीतल्या दहा घरांखालचं खाद्य थांबवावं आणि त्या कुटुंबांना दुसऱ्या टप्प्यातली घरं आधी द्यावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

 मग कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या टप्प्यातल्या घरांची तीन वर्षं वाट बघणाऱ्यांनी काय करायचं? कुणी विचारलं, आज दहा घरं म्हणताय, उद्या शंभर कशावरून नाही? जमीन खचते ही बातमी बाहेर गेली तर इथलं घर कोण घेईल? आवाज चढत गेले. मग खवड्यातून आलेली वनिता धुरी उभी राहिली. तिचं घर त्याच ओळीत होतं.

“देवळात हातोडी कोणी मारल्यान?” तिने विचारलं. “तूच ना? तुझ्या शब्दार आमी इलो. आता तूच म्हणतंस, पायाखालची जमीन ढिली करा. तुका काय आमी खेळ वाटलो?”

 हेमांगीने मान खाली घातली. “माझी चूक झाली, वनिताताई. मला तेव्हा एवढंच माहीत होतं.”

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. खाद्य चालू राहणार होतं.

लोक उठू लागले तेव्हा हेमांगीचं लक्ष दाराकडे गेलं. यशोदा तिथे उभी होती. सभेची बातमी ऐकून ती चालत आली होती आणि रहिवासी नसल्यामुळे तिला आत बसू दिलं नव्हतं. तिची नजर हेमांगीवर नव्हती. ती चौथ्या रांगेतल्या अनसूयाकडे पाहत होती.

“अनसूये,” यशोदाने हाक मारली, “तुका ठाव होतां?”

आसपासचे लोक थांबले. अनसूया खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. कुणालाच काही कळलं नसतं.

“व्हय,” ती म्हणाली.

यशोदाने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी चहा करत होती तेव्हा अनसूया घराचा करारनामा घेऊन स्वयंपाकघरात आली. “ह्याच्यात तू एकदा माका काय ता वाचून दाखवलेलंस. आपल्या घराखालची नळी आपणाक बंद करूक येता म्हणान.”

तसं कलम खरंच होतं. जिवाणूंची भीती वाटणाऱ्या ग्राहकांसाठी ते घातलेलं होतं. आपल्या घराखालचं पोषण थांबवण्याचा हक्क मालकाला आहे, त्याच्या परिणामांची जबाबदारीही त्याचीच. सहा वर्षांत कुणी ते वापरलं नव्हतं. हेमांगी सभेपासून त्या कलमावरच विचार करत होती. पण घर तिच्या आणि आईच्या नावावर होतं, आणि आईला त्याबद्दल विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

“आये, घर खचेल. एका दिवसात नाही, पण वर्षभरात राहण्यासारखं उरणार नाही.”

“शेजारच्यांका काय होतला?”

“नाही. त्यांच्या नळ्या चालूच राहतील. मी मोजून बघितलंय. आणि आपली एक बंद केल्याने खाडी काही बरी होणार नाही. पाचातला एक हिस्सा गळती थांबेल, एवढंच.”

“पेन दी,” अनसूया म्हणाली.

दिगंबर दारात उभा राहून ऐकत होता. तो सुतार होता. वसाहतीतल्या अर्ध्या घरांची दारं-खिडक्या त्याच्या कारखान्यातून गेल्या होत्या. त्याचं स्वतःचं गाव देवबागेकडे होतं आणि तिथलं घर त्याने डोळ्यांदेखत वाहून जाताना पाहिलं होतं.

“मला कुणी विचारणार आहे का?” तो म्हणाला.

“दिगू, तुला सांगणारच होते...”

“सांगणार होतीस. विचारणार नव्हतीस.” त्याचा आवाज चढला नाही, तेच हेमांगीला जास्त लागलं. “बरोबर आहे. कागदावर माझं नाव नाही. पण एक घर पाण्यात गेलेलं मी बघितलंय, हेमा. दुसरं मी हाताने पाण्यात ढकलणार नाही. तुम्ही करा सही. मी इथून हलत नाही.”

सही झाली. कारखानीसांनी अर्ज हातात घेतला, दोनदा वाचला आणि मंजूर केला. त्याच आठवड्यात हेमांगीची पोषण केंद्रातून बदली झाली. आता तिला घराघरांच्या खचण्याची मोजमापं घ्यायची होती. ती आणि आई जुन्या हायवेजवळ टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहायला गेल्या. दिगंबर राहिला. दर शनिवारी ती माप घ्यायला जायची, तो तिला चहा द्यायचा आणि दोघं हवापाण्याच्या गोष्टी बोलायची. पाच मिलिमीटर झाले. मग नऊ. पावसाळ्यात एकवीस.

भाद्रपदात एका सकाळी त्याचा फोन आला. “हेमा, पुढचं दार लागत नाहीये.”

ती गेली. दाराची चौकट डाव्या अंगाने खाली गेली होती. दिगंबर रंधा हातात घेऊन उंबऱ्यावर बसला होता. समोर लाकडाचे पापुद्रे पडले होते.

“चार वेळा तासलं,” तो म्हणाला. “तासलं की दोन दिवस लागतं, मग परत अडकतं. आता आणखी तासलं तर दारच उरणार नाही.” त्याने रंधा खाली ठेवला. “मी तुझ्यावर अजून रागावलेलो आहे.”

“माहीत आहे.”

“एवढं असू दे. बिजागऱ्या सोडवायला हात लाव.”

दोघांनी मिळून दार उतरवलं. ते फणसाच्या लाकडाचं होतं, जड. उचलून टेंपोत ठेवेपर्यंत दोघांना धाप लागली. शेजारून वनिता धुरी पाहत होती. ती पुढे आली नाही, पण टेंपो सुरू झाल्यावर तिने हेमांगीला थांबवलं. “माझ्या घराचां माप किती?” तिने विचारलं. हेमांगीने खरं ते सांगितलं. नळी चालू असूनही तिचं घर सहा मिलिमीटर खाली गेलं होतं. “म्हणजे नळी ठेवन पण घर जातलांच,” वनिता म्हणाली. महिनाभराने तिने आपली नळी बंद करण्याचा अर्ज दिला. तिच्यापाठोपाठ त्या ओळीतल्या आणखी एका घराने दिला. बाकीच्या सातांनी दिला नाही. दुसऱ्या टप्प्यातली घरं वाटली गेली आणि भरली. वसाहतीच्या दक्षिणेकडच्या दुसऱ्या खाडीत तसलाच चिखल घट्ट होऊ लागल्याचं कारखानीसांनी या वेळी स्वतःच जाहीर केलं आणि राजीनामा दिला.

त्या साऱ्या काळात यशोदा अनसूयाशी एक शब्द बोलली नव्हती. अनसूया मात्र दर ओहोटीला बसने खवड्याला जायची आणि धक्क्याच्या पायरीवर बसून राहायची. यशोदा तिच्या शेजारून खाली उतरायची, खुंटापलीकडे उरलेल्या पट्ट्यात तासभर शोधायची आणि ओंजळभर तिसऱ्या घेऊन पुन्हा तिच्या शेजारून वर जायची.

मार्गशीर्षात हेमांगी सळई घेऊन खाडीत उतरली. रिकाम्या झालेल्या त्यांच्या घरासमोर तिने दहा-दहा पावलांवर सळई ठोकून पाहिली. टक्. टक्. टक्. व्हाळाच्या तोंडाशी मात्र आवाज आला नाही. सळई बोटभर आत गेली. तिने हाताने चाचपलं. दगडाचा कपचा ओल्या बिस्किटासारखा कुस्करला. जागा चटईएवढी असेल.

ती पायरीपाशी आली आणि आईला सांगितलं.

“पुरता चिखल होवक किती वर्षां?” अनसूयाने विचारलं.

“असंच चालू राहिलं तर बारा-पंधरा. बाकीच्यांनी नळ्या बंद केल्या नाहीत तर कदाचित कधीच नाही.”

अनसूयाने मान हलवली. ऐंशीपलीकडचा हिशोब तिने मनातल्या मनात केला असावा. 

यशोदा थोड्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. ती त्या चटईएवढ्या जागेपाशी गेली, वाकली, पंजा आत रोवून पाहिला. मातीने भरलेला हात तिने वर काढला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग तिने पायरीकडे तोंड वळवलं.

“अनसूये,” ती ओरडली, “थंय काय बसलंस? भरती लागात. उतर खाली.”

अनसूयाने चपला काढून पायरीवर ठेवल्या. हेमांगीने हात पुढे केला, पण तिने तो धरला नाही. दगडावरून पाय जपून टाकत ती एकटीच चालू लागली.